गाळलेला जावई

किंग्स्टन,
१४ जून १९७६

ती. मर्लताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या जॉयलिनचं लग्न शनिवारी यथासांग पार पडलं. तुला इस्पितळातल्या नोकरीतून रजा मिळाली नाही म्हणून पोरगी सकाळी थोडी रडली, मग केस बिघडतील म्हणून थांबली.

तू लिहिलं होतंस की जावयाला पाहिलेलं नाही, निदान त्याची शपथ कानाने ऐकू दे, आवाजावरून तुला माणूस कळतो. म्हणून स्टुडिओतलं चार पट्ट्यांचं टेपयंत्र हातगाडीवर घालून चर्चमध्ये नेलं. नवरी, नवरा, पाद्री, ऑर्गन, प्रत्येकाला स्वतंत्र माइक. त्या चर्चमध्ये आवाज किती वेळ घुमतो हे मी आधी टाळी वाजवून मोजलं: पावणेदोन सेकंद. इतका नेमका आकडा बेटावर दुसरा कोणी देणार नाही. आणि हे मी रेडिओ दुरुस्त करता करता, कोणाच्याही हाताखाली न राहता शिकलो, हे तुझ्या तिकडच्या पदवीवाल्यांना जरूर सांग.

टेप सोबत आहे. हातासरशी जरा मिक्सही केली आहे.

लोभ आहेच, ऐकल्यावर वाढेल.

तुझा,
एव्हरल्ड

बर्मिंगहॅम,
२ जुलै १९७६

चि. एव्हरल्ड यास,
अ. उ. आ., जरी आज ते लिहिताना हात अडखळतो आहे.

गेल्या रविवारी चर्चमधल्या सात बायकांना जेवायला बोलावलं, नारळाच्या दुधातला राजमा-भात केला आणि टेप लावली. पाद्रीबुवा म्हणाले, प्रिय बंधुभगिनींनो. मग नुसतं नींनो, नींनो, नींनो करत ते विहिरीत पडले ते पुन्हा वर आलेच नाहीत. पुढे सहा मिनिटं ऑर्गनचा खर्ज. मग माझी पोरगी होय म्हणाली, अकरा वेळा. मग आभाळ गडगडलं. मिसेस गॉर्डनने विचारलं, त्या दिवशी पाऊस होता का. आणि निघताना हळूच म्हणाली, मर्ल, मनाला लावून घेऊ नकोस, पण पोरीने ऑर्गनशी लग्न केलेलं दिसतंय.

नवरा कुठे आहे रे? लोकांनी रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला गायलेलं गाणं तू मागच्या बाजूला पुसून टाकतोस, ढोल आणि खर्ज तेवढा ठेवतोस आणि त्यावर पोरं नाचतात, हे मला माहीत आहे. तो तुझा धंदा. पण माझ्या जावयाला कसला पुसतोस?

अठरा वर्षं मी त्या पोरीला पत्रांतून आणि बोटीने पाठवलेल्या कपड्या-खाऊच्या पिंपांतून वाढवलं. तिच्याशी कोणी काय कबूल केलं, ते मला ऐकायचं आहे. मूळ टेप पाठव. जशी असेल तशी.

लोभ सध्या आवरता घेतला आहे.

मर्ल

किंग्स्टन,
१५ जुलै १९७६

ती. मर्लताईस,
सा. न. वि. वि.

मूळ टेप नाही. इथे कोरी टेप मिळणं किती कठीण, तुला कल्पना नाही. त्याच टेपवर लग्नानंतरच्या मंगळवारी एका ट्राँबोनवाल्याचं गाणं घेतलं. सगळेच तसं करतात.

आता तुझे आरोप. पोरीचे ‘होय’ बारा आहेत. बारावा फार हलका आहे, तो न ऐकू येणं हा तुझ्या यंत्राचा दोष. पाऊस नव्हता. तो गडगडाट म्हणजे यंत्रातल्या, आवाज घुमवणाऱ्या स्प्रिंगच्या पेटीला मी मारलेली लाथ आहे, आणि तशी लाथ बसायला सात वर्षं लागली. राहता राहिला तुझा जावई लेबर्ट. पावाची गाडी चालवतो, माणूस सरळ. पण आवाज म्हणजे पिंपात बसलेला बेडूक. तो आणि ऑर्गनचा खर्ज एकमेकांच्या उरावर बसत होते. दोघांतला एकच ठेवता येत होता. ऑर्गन सुरात होता.

तरी तुझं पत्र जॉयलिनला दाखवलं. ती म्हणाली, मामा, तुझ्या हाताला खाज आहे, आता तूच निस्तर. पाद्रीबुवांना पुन्हा शपथा द्यायला सांगितलं तर म्हणाले, एकाच जोडप्याचं लग्न दोनदा लावणं धर्मात बसत नाही. पण आपला उपदेश इंग्लंडला पोचलाच नाही हे कळल्यावर त्यांनी ते धर्मात बसवलं.

रविवारी माझ्या अंगणात सगळं पुन्हा झालं. जॉयलिनची अट: एकच माइक, आणि यंत्र सुरू झालं की मामाचे दोन्ही हात खिशात. सेहेचाळीस वर्षांचा मी, अख्ख्या शहरातले गायक ज्याच्या दारात रांग लावतात, स्वतःच्या अंगणात हात खिशात घालून आवाजाची पातळी दाखवणाऱ्या सुईकडे बघत उभा. कोंबडा आला आहे, शेजारणीचं भांडण आलं आहे. शपथेच्या मध्येच पोरगी अडली तिथे तर एकोणीस सेकंद काहीच नाही. सुई जेमतेम थरथरली. कुठल्याही शहाण्याने ते कापलं असतं. मी कापलेलं नाही. ही टेप माझं नाव सांगून कोणाला ऐकवू नकोस.

लोभ मोकळा सोडावा.

तुझा,
एव्हरल्ड

बर्मिंगहॅम,
६ ऑगस्ट १९७६

चि. एव्हरल्ड यास,
अ. उ. आ., या वेळी न अडखळता.

टेप एकटीने ऐकली. उपदेश चाळीस मिनिटांचा आहे. पाद्रीबुवांच्या बाबतीत तुझं चुकलं नव्हतं. लेबर्ट बोलला तेव्हा कपाटातले ग्लास वाजले. तिथेही तुझं चुकलं नव्हतं.

पण ते एकोणीस सेकंद तू पुन्हा ऐक. काहीच नाही म्हणतोस? पोरगी हुंदका गिळते आहे. आणि तो तुझा बेडूक अगदी खाली आवाज करून तिला म्हणतो, सावकाश म्हण, आई ऐकते आहे, तिला कुठे जायचं नाही. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि बेटावरच्या सगळ्यात तिखट कानांना ते ऐकूही आलं नाही.

मला माणूस कळला. मी तिथेच टेप थांबवली आणि मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं.

लोभ माझ्यावर आहे, तसाच आता लेबर्टवरही असू दे. माइक जरा लांब ठेवलास तरी चालेल.

तुझी,
मर्लताई