मधला चहा

दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून हे पत्र. ह्यांची मोटारसायकल सुरू केली की इंजिन टकटक करतं. शिलाई मशीनची वाकडी सुई पट्टीवर आपटावी तसं. चिरंजीवांनी परस्पर गिऱ्हाईक ठरवलंय, ते गृहस्थ एकवीस तारखेला सकाळी गाडी न्यायला येणार. हे गेल्यापासून ती पडूनच आहे, आई तिचं काय करणार, असं त्याचं म्हणणं. आई ती चालवणार! ह्यांनीच मला शिकवली, हे तो सोयीस्कर विसरतो. टकटक थांबली तर विकण्याचं नाव काढणार नाही, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलंय. मला ती विकायची नाही, दादा.

लोभ असू दे. नसला तरी उत्तर धाड.

तुझी ठमी

दि. ७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

टकटक म्हणजे लिफ्टर गेले. इंजिनच्या पोटात चार छोटी डबडी असतात. त्यांत तेल भरतं, ती वरच्या दांड्या ढकलतात आणि दांड्या व्हॉल्व्ह उघडतात. चार नवे पार्सलने धाडलेत. दिवसभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेव. जुने काढ, नवे बसव, दांडीची ढिलाई जाईपर्यंत नट फिरव आणि किक मार. चाळीस वर्षं डोळे मिटून हेच केलंय. तुझ्या शिवणाच्या चिंध्या मात्र आत सोडू नकोस.

तुझा बहिरा पण हुशार
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
आज नमस्कार अर्धाच.

गाडी पुढच्या खोलीत घेतली, तेव्हा सूनबाईंनी विचारलं की सोफा रस्त्यावर ठेवू का. जुने लिफ्टर बोटांना येईनात. मग टाचण्या उचलायचं लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडलं आणि चारही वर ओढले. दांड्यांना रंगीत दोरे बांधून जागा लक्षात ठेवल्या. बाकी सगळं तू लिहिलंस तस्सं. किक मारली ती निम्म्यात अडकली, मी सोफ्यावर पडले आणि एक दांडी वाकडी! सूनबाई हसल्या. चिरंजीव हसला नाही, त्याने गिऱ्हाइकाला नक्की या म्हणून कळवलं.

चाळीस वर्षं डोळे मिटून केलंस, आता जरा उघड. सात दिवस उरलेत आणि मला भीती वाटतेय.

ठमी

दि. १८ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद, आणि माफी.

डोकं धरून बसलो, शेवटी गॅरेजातल्या जुन्या सोबत्याकडे गेलो. तो हसत सुटला. म्हणाला, तिला चहा लिहिलास का? नवे लिफ्टर तेलाने टम्म असतात. दांडी आवळली की व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि तशात किक मारली की पिस्टन त्यावर आपटून दांडी वाकते. तेल पाझरून लिफ्टर बसायला अर्धा तास जातो, आणि नेमके तेव्हा आम्ही चहाला जायचो. मला आपलं वाटायचं, तो चहा आमच्यासाठी होता.

नवी दांडी कुरियरने येतेय. दोन सिलिंडर, दोन चहा. दांडी दोन बोटांनी सहज फिरेपर्यंत इंजिनाला हात लावू नकोस.

तुझा मूर्ख
दादा

दि. २१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि., मागच्या अर्ध्यासकट.

हे गेल्यापासून मी दुपारचा चहा केलाच नव्हता. एकटीसाठी भांडं विसळायचं जिवावर यायचं. आज सकाळीच पहिल्या सिलिंडरला केला आणि इंजिनाशेजारी जमिनीवर बसून प्यायले. थोडी रडलेही, तेवढं चालायचंच.

दुसऱ्या सिलिंडरच्या दांड्या आवळल्या आणि गिऱ्हाईक दारात! चिरंजीव त्यांना म्हणाला, घेऊन जा. मी बजावलं की अर्धा तास कोणी हात लावायचा नाही, आणि दुसरा चहा गिऱ्हाइकाच्या हातात दिला. बिचारे सोफ्यावर मुकाट्याने बसले. दांड्या फिरायला लागल्या तशी सगळी झाकणं बसवली आणि किक मारली. टकटक नाही, दादा! गिऱ्हाईक म्हणाले, एवढी सुरेख गाडी विकता कशाला?

हातातली गाडीची कागदपत्रं चिरंजीवाने परत कपाटात ठेवली, माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसला आणि चहा उरलाय का म्हणून विचारलं.

रविवारी गाडीवरून तुझ्याकडे येतेय. आवाज तुला ऐकू येणार नाही, इंजिनावर हात ठेवून बघ. लोभ असू दे, आणि आधण चढवून ठेव.

तुझी ठमी