जे, यू, डी आणि गार झालेले पोहे

अण्णा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. जे मनात नाही ते कागदावर आणू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना!

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली आणि बापू सुपारी कातरता कातरता म्हणाला, "रविवारी गौरीला बगायला पाव्हणे यायलेत. पोराला अक्षरं द्यायची आपल्या अण्णांची रीत हाय. ताई, तीन अक्षरं तू काढ." तुमचाच लेक! ज्याला आयुष्यात कधी धड लांब शब्द सापडला नाही, तो आता जावयाची परीक्षा घेणार, आणि तीही स्वतःच्या पोरीच्या जिवावर! माझं डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. तुमच्यासमोर तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, "तुला कुणी विचारलं होतं?" आता म्हणा बघू.

काय तो तुमचा खेळ! रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की त्याच्या नंबरप्लेटवरची अक्षरं उचलायची, त्यात एक पदरचं घालायचं आणि जेवायला बसलेल्या आम्हा दोघांना विचारायचं. "तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द सांगा. मागंपुढं कशीही चालतील, पण शब्द लांब पाहिजे." ज्याचा शब्द तोकडा, त्यानं ताटं उचलायची. बापूचा जन्म ताटं उचलण्यात गेला.

आणि आई? ती चुलीपाशी भाकरी घेऊन ताटकळायची, कारण शब्द आल्याशिवाय तुम्ही घास मोडायचा नाहीत. "आवं, गार व्हायलीय," ती म्हणायची. तुम्हाला ऐकू तरी यायचं का हो?

मला त्या खेळाचा लई नाद होता, हे मात्र कबूल. तुम्हीच लावलात तो. एकटीनं जिंकायची आणि तुमच्याकडं बघायची, पण तुम्ही कधी 'शाबास' म्हणाला नाहीत.

मग मला बघायला पाव्हणे यायला लागले. सगळीकडं पोरीला विचारतात, नाव काय, स्वयंपाक येतो का, जरा चालून दाखव. तुम्ही गावभर सांगितलंत, "माझ्या घरात प्रश्न मी विचारणार, आणि तेही पोराला." दिंद्रुडला केवढं कौतुक इंग्रजीच्या मास्तराचं! मलाही वाटलं, असा बाप कुणाला मिळतो? खरंच वाटलं होतं, अण्णा.

तो उमापूरचा आठवतो? विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. हात घासून घासून धुतलेले, तरी नखात काळं राहिलेलं. त्यानं मला एकच विचारलं, "पुढं शिकायचंय का तुमाला? शिका की. आमच्यात कुणी अडवनार न्हाई." मला तिथंच पसंत पडला तो. आईच्या लक्षात आलं होतं. तुम्ही मात्र खडू शोधत होतात.

फरशीवर लिहिलंत, जे, यू, डी. त्याच्या हातात पोह्यांची बशी. तो घास घ्यायला गेला तर म्हणालात, "पोहे नंतर. आधी शब्द."

"जज," तो लगेच म्हणाला. केवढा खुलला होता!

"पाच अक्षरं," तुम्ही म्हणालात. "हे तर चौथीतलं पोरगंही सांगेल. लांब सांगा."

त्याला घाम फुटला. त्याचा चुलता चुळबुळ करायला लागला. आणि तुम्ही हसत होतात, अण्णा! घरी आलेल्या पाव्हण्याला असं हसतात? मी चहा घेऊन दारात उभी. मला शब्द समोर दिसत होता. तो माणूस असा बसलेला मला बघवेना, म्हणून मी बोलले, "ॲडजस्टमेंट."

त्यानं वर बघितलं आणि खळखळून हसला. "झालं की मग, सर! घरात एकाला आलं म्हंजी पुरे."

काय उत्तर होतं ते! दुसरा कुणी बाप असता तर तिथंच साखर वाटली असती. तुम्ही ओरडलात, "तुला कुणी विचारलं होतं?" सगळ्यांच्या देखत. चुलता ताडकन उठला. "आमी पोरगी बगायला आलतो, परीक्षेला न्हाई. ऊठ बे." तो उठला. चपला घालताना एकदा मागं बघितलं त्यानं, मग गेला. बशा तशाच भरलेल्या. आपल्या दारातून पाव्हणा उपाशी गेला म्हणून आईनं पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी तेच पोहे तिनं परतून तुम्हाला वाढले. खाता खाता काय म्हणालात? "तुझा शब्द बरोबर होता. पण याहून लांब आहे." एवढंच! आणि हात धुवायला गेलात.

पुढं माजलगावचा एक आला, त्याच्यासमोरही खडू काढलात. मग कुणीच आलं नाही. 'मास्तर घरात शाळा भरवतो अन् पोरगी मधी बोलती,' हे लिंबागणेशपर्यंत पोचलं होतं. मी शिकले, नोकरी लागली, आता मीच पोरांना इंग्रजी शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेली माणसं मलाच सांगायची, "सरांचा तुझ्यावर लई जीव. तुझ्या तोडीचा मिळालाच न्हाई बग." तोडीचा! बशी हातात घेऊन बसला होता की समोर!

काल गौरी माझ्याकडं आली. रविवारी येणारा पोरगा तिच्याच कॉलेजातला, तिला आवडलेला. इंग्रजीत कच्चा आहे म्हणे. "आत्या, अक्षरं मला आधीच सांग ना गं, मी त्याला शब्द पाठवून ठेवते." आता फोनवर तीन अक्षरं टाकली की सगळे शब्द समोर येतात, लांबातला लांब सगळ्यात वर. बघा, तुमची सगळी मास्तरकी फोनात मावली! मी तिच्या हातातून फोन घेतला आणि जे, यू, डी टाकलं.

'ॲडजस्टमेंट' बरंच खाली होता. वर 'मॅलॲडजस्टमेंट', 'ॲडज्युडिकेशन' आणि कायकाय. म्हणजे खरं बोलत होतात तुम्ही. याचाच मला जास्त संताप आला. असेल लांब! त्या दिवशी तो कुणाला पाहिजे होता?

"आत्या, कावून रडायलीस?" गौरीनं विचारलं. मी म्हटलं, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता.

अक्षरं नाही सांगितली मी तिला. आवडलेल्या माणसाला चोरून पास करायची वेळ तिच्यावर का यावी? तिनं काय पाप केलंय?

तर ऐका. रविवारी तुमच्या खुर्चीत मी बसणार आहे. बापू म्हणेल, "ताई, अक्षरं." पोराच्या हातात बशी असेल. मी त्या पोराला सांगणार, "पोहे गार व्हायलेत, आधी खाऊन घे बाबा." आणि त्याची बशी रिकामी होईपर्यंत त्या खोलीत कुणाला एक शब्द बोलू देणार नाही. बापूला नाही, त्याच्या मागं भिंतीवर लटकलेल्या तुम्हालाही नाही. हे माझं वचन.

कुणी विचारलेलं नसताना बोललेली,
सुनंदा