नूरोबा या नावाचे काय करावे

मी, नूरोबा कडूबा पठाडे, वय अंदाजे त्रेसष्ट, धंदा इंजिन दुरुस्ती, मूळ राहणार मौजे बोरवाडी, करमाडच्या पलीकडे, हल्ली मुक्काम चिकलठाणा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे, डोक्याचे नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेबांनी दिलेल्या मसुद्यात "कोणाच्याही दडपणाखाली अथवा भीतीपोटी नव्हे" असे वाक्य होते. दडपण कोणाचेच नाही. भीती मात्र आहे, आणि ती नाही असे मी लिहून देणार नाही.

कलम १. चिकलठाण्याचे दोन खोल्यांचे घर माझा मुलगा रामकिसन आणि सून आशाबाई या दोघांच्या नावे समान हिश्श्याने व्हावे. एकट्या रामकिसनच्या नावे नको. तो कंपनीत कामाला आहे, स्वभावाने सरळ आहे, पण मित्रांना जामीन राहण्याची त्याला सवय आहे. माझी पत्नी द्वारकाबाई हिने हे घर उभे राहताना डोक्यावर पाणी वाहिले होते. ती आज असती तर तिनेही हेच सांगितले असते.

कलम २. माझे पान्हे, चेन-कप्पी, पिस्टन काढायचा पुलर आणि लाकडी पेटी कय्युमला द्यावी. कय्युम हा सरदार मणियाराचा मुलगा. विहिरीवरच्या इंजिनाचे काम तो माझ्याजवळ शिकला आणि आता माझ्यापेक्षा बरे करतो. रामकिसनने यात वाटा मागू नये. त्याला पान्हा कोणत्या हाताने धरायचा हे आजही सांगावे लागते.

कलम ३. बोरवाडीची जमीन. विहिरीजवळचा तुकडा सरदार मणियार याला आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांना द्यावा. उरलेली रामकिसनला. या कलमावर भावकी बोलेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून कारण सविस्तर लिहितो, आणि त्यासाठी माझ्या नावापासून सुरुवात करावी लागते.

माझी आई मनकर्णाबाई हिला माझ्याआधी झालेली मुले जगली नाहीत. मी झालो तेव्हा तिला दूध नव्हते. त्याच दिवसांत अमिना मनेरीण गावात बांगड्या भरायला आली. तिच्या काखेत तिचा सरदार होता. आईच्या ओसरीवर बसून तिने एका बाजूला त्याला घेतले आणि दुसऱ्या बाजूला मला. पुढे कित्येक महिने ती रोज येत राहिली. गावाबाहेर टेकडीवर नूरशहा पीराचा लहानसा दर्गा होता. मूल जगले तर त्याला पीराचे नाव देईन, असा नवस आई तिथे बोलली होती. नुसते नूर कसे म्हणायचे, म्हणून आमच्या लोकांनी त्याला आपल्या पद्धतीने 'बा' लावला. असा मी नूरोबा झालो. त्याआधी हे नाव कोणी ऐकले नव्हते.

मी जगलो, एवढ्या एका गोष्टीवर ते नाव पंचक्रोशीत पसरले. ज्यांची मुले दगावत ते मुलाचे नाव नूरोबा ठेवू लागले. माहेरवाशिणी ते नाव सासरी घेऊन गेल्या. आमच्या एकट्या गावात थोरला नूरोबा मी, त्याखेरीज मळ्यातला नूरोबा, बारका नूरोबा आणि पाटलांचा नूरोबा होता. कोणी ओट्यावरून हाक मारली की चार घरांतून ओ यायची आणि बाया हसायच्या. रझाकारांच्या दिवसांत मला एकदा नाक्यावर अडवले, तेव्हा नाव ऐकून सोडून दिले. घरी आल्यावर आई म्हणाली, "पीरानं राखलं." मीही तसेच समजलो.

पुढे पोलीस ॲक्शन झाली. निजाम शरण आला, गावावर तिरंगा लागला, पेढे वाटले. त्यानंतरच्या दिवसांत मी आणि सरदार बैलगाडीने करमाडच्या बाजाराला निघालो. आम्ही दोघे विशीतले. दोघांच्या अंगावर सारखेच धोतर आणि सारखेच पटके. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी बाजरी उभी होती. त्यातून काही माणसे रस्त्यावर आली. ती आमच्या गावची नव्हती, रझाकारांचा सूड उगवायला निघालेली होती. कुऱ्हाडी होत्या. त्यांच्यातल्या एकाने बैलांचा कासरा धरला आणि मला विचारले, "नाव काय रं तुझं?"

मी म्हणालो, "नूरोबा."

पुढचे कोणी ऐकून घेतले नाही. मला गाडीखाली ओढले. बापाचे नाव सांगावे, आडनाव सांगावे, कुळ सांगावे, हे सगळे मला सुचत होते, पण घशातून आवाज येईना. तोंड उघडत होते आणि नुसती हवा बाहेर येत होती. तो अनुभव मी कोणाला समजावून सांगू शकत नाही.

त्यांनी सरदारला विचारले. त्याने सांगितले, "सरदार." आमच्या लोकांतही ते नाव असते. त्यांना वाटले हा आपल्यातला. "तू जा, गाडी घे अन् नीघ," ते म्हणाले.

सरदार गेला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. तो गाडीतून खाली उतरला.

"त्यो कडूबा पठाड्याचा पोरगा हाय," तो म्हणाला. "त्याला सोडा. मुसलमान मी हाय. मणियाराचा सरदार."

कुऱ्हाड तोवर माझ्यावर उचललेली होती. ती माझ्यासाठी खाली आली की त्याच्यासाठी, ते मला कळले नाही. त्याने हात मध्ये घातला. उजवा हात मनगटापासून गेला. तेवढ्यात जालना रस्त्यावर मिलिटरीच्या ट्रकचा आवाज झाला आणि ती माणसे बाजरीत पांगली. सरदारला त्याच ट्रकने शहरातल्या दवाखान्यात नेले. मी त्याचे मनगट पटक्याने आवळून धरून बसलो होतो. सोल्जरने मला नाव विचारले. मला सांगता आले नाही. सरदारने सांगितले.

बांगड्या भरायला दोन हात लागतात. एका हाताने बाईचा पंजा दाबायचा आणि दुसऱ्याने बांगडी चढवायची. सरदारचा धंदा त्या दिवशी संपला. पुढे त्याची बायको सगीरा बांगड्या भरू लागली आणि तो खांद्यावर पेटी घेऊन तिच्या मागे गावोगाव फिरला. विहिरीजवळचा तुकडा त्याला का, हे भावकीने आता विचारू नये. त्याने कधी काही मागितले नाही. मी दिले तेव्हा घेतलेही नाही. आता मी नसताना नाही म्हणायला समोर कोणी नसेल, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम ४. त्या महिन्यात गावातले सगळे नूरोबा संपले. मळ्यातला नामदेव झाला, बारका नारायण झाला. पाटलांचा नूरोबा तात्यासाहेब झाला आणि जुन्या नावाने हाक मारली की बाजारात तोंड फिरवू लागला. त्याने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, "तूबी बदल. तुझ्यापाई आमची बी आठवण निघती." त्याच्यावर माझा राग आहे आणि नाहीही. तो घाबरला होता. मी त्याच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. माझ्या तेराव्याला त्याला बोलवावे, आणि पंगतीत मानाने पुढे बसवावे.

मी नाव बदलले नाही त्यात हिंमत काही नव्हती. बापाने गुरुजींना बोलावले होते, दुसरे नाव ठरलेही होते. पण सरदार दवाखान्यातून परत आला, हाताला मोठे बँडेज, आणि दारातूनच त्याने हाक मारली, "नूरोबा." मी ओ दिली. मग ज्याने त्या नावापायी हात घालवला त्याला, आता मला दुसऱ्या नावाने हाक मार, असे सांगायला माझी जीभ वळली नाही. तेव्हापासून हे नाव मी बाळगून आहे. एस.टी.च्या पासाला, बँकेत, दवाखान्यात खिडकीपलीकडून नाव विचारले की मी कागद पुढे सरकवतो. लोकांना वाटते म्हाताऱ्याला कमी ऐकू येते.

कलम ५. हे कलम मी आधी वेगळे लिहिले होते. "माझ्या पश्चात घराण्यात कोणत्याही मुलाचे नाव नूरोबा ठेवू नये" असे ते होते. वकीलसाहेब हसले. म्हणाले, "काका, नाव ही मिळकत नाही. त्याला कायद्यात वारस नसतो." मी म्हणालो, आमच्याकडे असतो. आजा गेला की नातवाला त्याचे नाव देतात. आशाबाईला दिवस गेले आहेत, आणि याआधीची तिची दोन्ही मुले पाळण्यातच गेली. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होते.

मागच्या दंगलीत कर्फ्यू उठल्यावर मी आणि ती दवाखान्यातून येत होतो. वळणावर पोरांचा घोळका होता. कोणत्या बाजूचा, ते मला कळले नाही. एकाने माझ्यापुढे काठी आडवी धरली. "बाबा, नाव काय?" माझे तोंड उघडले आणि पुन्हा तीच हवा. धोतर ओले झाले. आशाबाई मध्ये आली. "सासरे आहेत माझे. मुके आहेत," ती म्हणाली आणि माझा दंड धरून मला चालवत घरी आणले. ही गोष्ट तिने रामकिसनलाही सांगितली नाही.

मागच्या महिन्यात तिने मला चहा दिला आणि समोर बसली.

"मामा, मुलगा झाला तर तुमचं नाव ठेवायचं म्हणते मी."

"नको बाई," मी म्हणालो. "तू पाहिलंस ना सगळं?"

"पाहिलं म्हणून तर. मी तुम्हाला मुकं म्हणाले, ते मला लई लागून राहिलं मामा. तुम्ही चांगले बोलते माणूस."

"उद्या पोराला कोणी रस्त्यात धरलं तर?"

"मलाबी भ्या वाटतं," ती म्हणाली. "पण ह्या नावाचं एक लेकरू जगलं होतं, एवढं मला माहीत आहे. माझं कोणत्याच नावाचं जगलं नाही."

म्हणून ते कलम मी खोडले आहे आणि खोडल्यावर सही केली आहे. मुलाचे नाव आशाबाईने ठरवावे. रामकिसन, भावकी अथवा गुरुजी यांनी मध्ये पडू नये. तिने दुसरे नाव ठेवले तर मला सुटल्यासारखे वाटेल, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

तिने नूरोबाच ठेवले, तर एवढे करावे. मुलगा पहिल्यांदा शाळेत जाईल तेव्हा रामकिसनने एका बाजूने आणि कय्युमने दुसऱ्या बाजूने त्याचा हात धरून वर्गापर्यंत जावे. फाटकाशी सोडून येऊ नये. मास्तर नाव विचारतील तेव्हा दोघांनी तिथे उभे राहावे, आणि पोर मोठ्याने सांगेपर्यंत हलू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. खाली नाव घातले आहे.

नूरोबा कडूबा पठाडे

समक्ष साक्षीदार, ज्यांना या पत्रान्वये काही मिळत नाही:
१. बद्रीनाथ सांडू काकडे, शेजारी, चिकलठाणा (सही)
२. सरूबाई भ्र. बद्रीनाथ काकडे, चिकलठाणा (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: चिकलठाणा, औरंगाबाद
दिनांक: १४ नोव्हेंबर १९८९