लाकूड स्वस्त निघाले तो दिवस

बाबा, आज सकाळी सौंसरच्या या घरात नातसून मला विचारत होती, थंडीत खोली उबदार ठेवायला विजेची शेगडी परवडेल की गॅसची. मी म्हटले, "मला नको विचारू, बाई. असल्या प्रश्नाचा निकाल माझ्या वडिलांनी एकदा लावला होता आणि तो त्यांना मागे घ्यावा लागला." ती हसून कामाला गेली. मला मात्र पांढुर्ण्याच्या घरातली ती बाळंतिणीची खोली आठवली आणि मी लिहायला बसले.

नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशातच राहिलो, त्या वर्षीचा तो पौष. तुमच्या शाळेच्या पगाराचे कागद नागपूर आणि भोपाळ यांच्यामध्ये कुठेतरी अडकलेले. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. मुलगी अवघी नऊ दिवसांची होती. रीतीप्रमाणे खिडकीला घोंगडी लावलेली, बाजेखाली घमेल्यात लाकडाचा विस्तव, त्यावर ओव्याची धुरी. पाऊस लांबल्यामुळे त्या साली सरपण ओलसर होते. धूर छतापाशी जमे आणि पुन्हा खाली उतरे. मुलगी खोकते, खोकता खोकता तिचे ओठ निळसर होतात आणि आई तिला खांद्यावर घेऊन पाठ चोळते आहे, हे मला अजून समोर दिसते. शेजारचे रेल्वेतले काका तिगाव स्टेशनावर कामाला होते, ते तिथून आपला वातीचा स्टोव्ह घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, घासलेटाचा आहे, पण धूर नाही करत. ठेवून तर पाहा."

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडल्याशिवाय तुम्ही कोणतीच गोष्ट मान्य करीत नसा. ओसरीवर एका बाजूला चूल मांडलीत, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह. दोन्हींवर सारख्याच मापाचे पाणी. लाकूड तराजूत तोललेत, घासलेट मापाने मोजलेत. पाणी उकळले तेव्हा घासलेट लाकडाच्या तिप्पट महाग पडले होते. "सिद्ध झालं," तुम्ही समाधानाने म्हणालात, "लाकूडच."

आई दारात उभी होती. चारचौघांत ती तुमच्यासमोर सहसा बोलत नसे. "काहो, पाणी खोकलते का?" तिने विचारले. "लेकरू खोकलून राह्यलं."

"अग्नी घराचा पुरोहित असतो. बाळंतिणीच्या खोलीत घासलेटाचा वास न्यायचा?"

"मंग पुरोहिताले सांगा, धूर बाहेर कर म्हणा."

काकांनी हसू दाबले. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. स्टोव्हची वात खाली केलीत आणि म्हणालात, "उद्या स्नान झाल्यावर मीच तिथं बसतो. मला सोसलं तर लेकरालाही सोसेल."

सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटेपर्यंत त्या खोलीत पुरुषाने पाऊल ठेवायचे नाही, हे तुम्हीच सगळ्या गल्लीला सांगत आलेले. तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. आई मुलीला घेऊन माजघरात गेली, मी बाजेवरच राहिले. दार लोटून, चटईवर बसून तुम्ही जप सुरू केलात. पहिली माळ मेरुमण्यापर्यंत पोचलीच नाही. तुम्ही उठलात, अंगणात गेलात आणि तुळशीचा ओटा धरून कितीतरी वेळ खोकत राहिलात. परत आलात तेव्हा डोळे लाल होते. आईला म्हणालात, "मी पाणी तोललं. श्वास तोलायचा राहिला." त्या दिवशी स्टोव्ह खोलीत आला, खिडकी चार बोटे उघडली आणि तिसऱ्या रात्री मुलगी प्रथमच सलग झोपली. घासलेटाचा खर्च निघावा म्हणून तुम्ही पुढे महिनाभर थंड पाण्याने स्नान केलेत. कोणी विचारले तर, माघस्नानाचा सराव करून राहिलो, असे सांगत होतात.

ती मुलगी तुमच्यासारखीच शिक्षिका झाली, आता निवृत्त आहे. रोज पहाटे स्तोत्र म्हणते आणि लांबच लांब समास एका श्वासात, मध्ये न तुटता, पार करते. तो श्वास ऐकला की माझा दिवस प्रसन्न जातो.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. देवघरातल्या पोथीच्या बासनात राहील. पण तुम्ही मला अक्षरांच्याही आधी सत्य शिकवलेत, म्हणून एक सांगायचे उरले आहे. त्या सकाळी तुम्ही आत येण्यापूर्वी मी बाजेवरून उतरले आणि कोपऱ्यातली पळसाची ओली लाकडे घमेल्यात सारली, रोजच्या दुपटीने. नंतर घमेले बाहेर न्यायला तुम्ही स्वतः आलात. एक अर्धवट जळालेले लाकूड उलटून त्याची ओली साल पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलेत आणि घमेले उचललेत. तुम्ही विचारले असते तर मी खरे सांगितले असते, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आले. नसते सांगितले, बाबा.