नदीवर नेलेलं पाणी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
होळेहट्टी, कृष्णाकाठ
१० मार्च २०२४

ती. शिवलीलाअक्कास,
धाकट्या भुवनेश्वरीचा शि. सा. न. वि. वि. दाजींना शरणु शरणार्थी.

कारण मोठं आहे, खाली बसून वाच. आमच्याकडे मोटारबोट आली! बसची ड्रायव्हरकी सुटल्यापासून ह्यांचे हात शिवशिवत होतेच. शेवटी एका कोळ्याकडून जुनी बोट घेतली, अंगणात उलटी टाकून ठोकली, रंगवली आणि परवा पाण्यात सोडली. नाव दिलंय ‘शांतम्मा’, माझ्या सासूबाईंचं. सासूबाई गेल्यापासून घर शांत झालं होतं, ते सुख आता संपलं. इंजिन अगदी त्यांच्याच आवाजात बोलतं.

आता ऐक. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की नदीत बेटं वर येतात. इकडे त्यांना गड्डी म्हणतात. कुठं नुसती वाळू, कुठं बाभळी, कुठं कलिंगडाचे वेल. तू, दाजी आणि आम्ही दोघं, असे चौघं निघायचं. दिवसा बोटीतून गड्ड्या हिंडायच्या, सावली दिसेल तिथं चूल मांडायची आणि मुक्कामही वाळूवरच. आमचीही ही पहिलीच सफर, म्हणजे चुका चौघांनी मिळून करू.

लहानपणी माहेरी भूमला आप्पांची गुळाची काहील आपण पावसानं भरलेल्या खाणीत ढकलली होती, आठवतं का? तू कप्तान आणि मी प्रवासी. काहील बुडाली आणि आप्पांनी कप्तानाला जास्त बडवलं. तेव्हा रडत रडत तू म्हणाली होतीस की मोठेपणी खऱ्या नावेत बसेन. अक्का, आता याहून मोठं कधी होणार?

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं तू वाचत नाहीस, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. माझी अक्षरं तरी जाड आहेत.

माया आहे तशीच राहू दे, उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी,
भुवना


तामलवाडी, ता. तुळजापूर
२३ मार्च

चि. भुवनेश्वरीस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. मल्लिकार्जुनरावांना शरणु शरणार्थी.

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. ह्यांनी ते उशीखालून काढून दुकानात नेलं. आता किराणा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आमच्या सफरीची बातमी फुकट मिळते. गिऱ्हाइकानं साखर मागितली की हे आधी गड्डी म्हणजे काय ते सांगतात.

पण एक खोडा आहे. शिवकुमार नको म्हणतो. लेक सोलापुरातून दर रविवारी येतो, माझ्या कानातलं मशीन तपासतो आणि डॉक्टरासारखा चेहरा करतो. त्याचं म्हणणं असं की बोटीत कुणी ओरडून सावध केलं आणि आईला ऐकूच गेलं नाही तर काय करायचं? मशीन पाण्यात चालत नाही आणि मोठ्या आवाजात नुसतं शिट्ट्या मारतं. पोराचं चुकत नाही ग. त्याची काळजी खरी आहे.

तरी तुला खरं सांगते. दोन वर्षं झाली, मी माणसांतून उठल्यासारखी झाले आहे. लग्नाला गेले तर कोपऱ्यात बसते आणि सगळ्यांना मान डोलावते. मागं गावातल्या बंडप्पाच्या घरी कुणी तरी कोण वारल्याचं सांगत होतं आणि मी हसून वा वा म्हणाले. त्या दिवसापासून कुठं जाणंच सोडलं. सारखं ‘ऐकू आलं का?’ विचारतात, आणि मी आलं म्हणते.

मला यायचं आहे, भुवने. नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही. काहीतरी तोड काढ.

ह्यांचा एक प्रश्न आहे: प्यायच्या पाण्याची सोय काय? नदीवर चाललोय म्हटलं तर म्हणाले की पान्याचा भरवसा कुनी द्यावा, आपलं आपल्याजवळ असावं.

लोभ आहेच, तोड लवकर धाड.

तुझी,
अक्का


होळेहट्टी
५ एप्रिल

ती. अक्कास, शि. सा. न.

तोड नदीनंच काढली! काल आम्ही दोघं चाचणीला गेलो. मी पुढं बसले आणि हे मागं सुकाणू धरून. पाण्याखाली वाळूचा उंचवटा दिसला, मी घसा फुटेस्तोवर ओरडले, ह्यांना ढिम्म ऐकू गेलं नाही. शांतम्माच्या आवाजापुढं कोण टिकणार? बोट वाळूवर चढली. मग हे माझ्यावर ओरडले, तेही मला ऐकू आलं नाही, हा त्यातला फायदा.

घरी येऊन ह्यांनी नियमच केला. बोटीत तोंडानं बोलायचं नाही, हातानं बोलायचं. मूठ वर म्हणजे थांब, पंजा खाली हलवला म्हणजे हळू, आणि ज्या बाजूला हात त्या बाजूला वळायचं. पुढं बसणाऱ्याची नजर हवी, कान नकोत.

आता सांग, आपल्यात चेहरे आणि हात वाचायची सवय कुणाला आहे? मी तर पुढं बसले की पक्षी बघत बसते. ह्यांनी निरोप दिलाय की पुढची जागा अक्कांची. शिवकुमारला सांग, बोटीत आम्ही सगळेच बहिरे, आईला वाटाड्या म्हणून नेतोय.

आणि दाजींना सांग, पाणी आणू नका. मी उकळून, गाळून कळशीभर घेते. इथं दोन्ही काठ भरून पाणी आहे.

उत्तराची वाट बघणारी,
भुवना


तामलवाडी
२१ एप्रिल

चि. भुवनेस अनेक आशीर्वाद.

परवानगी मिळाली! पण कशी मिळाली ते ऐकून तू लोळशील.

तुझं पत्र वाचून शिवकुमार म्हणाला की परीक्षा घेतो. रविवारी येताना केशरी रंगाचं लाइफ जॅकेट घेऊन आला आणि मला लुगड्यावरून चढवलं. मग ट्रॅक्टर चालू केला. मागं ट्रॉली लावलेली, ती गोठ्याशेजारच्या अरुंद शेडात मागं मागं नेत घालायची. तो ट्रॅक्टरवर, मी मागं बाजूला उभी. इंजिनाच्या धडधडीत बोलणं शक्यच नाही. मी हात दाखवत गेले आणि तो माझ्याकडं बघत मागं येत गेला. ट्रॉली भिंतीपासून वीतभर अंतरावर मूठ वर करून थांबवली. एकदा मुद्दाम चुकीच्या बाजूला वळायला लागला, तेव्हा असा पंजा दाखवला की ट्रॅक्टर बंदच पडला.

शेजारच्या दगडाबाई बांधावर उभ्या होत्या. भर उन्हात, कोरड्या रानात मी केशरी जॅकेट घालून हात हलवतेय बघून त्यांनी विचारलं की ही कंच्या देवीची सेवा म्हनायची? मला त्यांच्या ओठांवरनं सगळं कळलं. मी म्हणाले, कृष्णामाईची.

शिवकुमार खाली उतरला आणि जा म्हणाला. डोळे ओले होते त्याचे. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

राहिला पाण्याचा विषय. ह्यांनी आपल्या बोअरच्या पाण्याचे निळे कॅन भरून पिकअपजवळ मांडलेत. एक म्हटलं तर तीन होतात, सकाळी बघावं तर आणखी एक असतो. परक्या पाण्यानं पोट बिघडतं म्हणतात. किती उन्हाळे टँकरमागं पळालेला माणूस आहे, भुवने. मला त्यांना अडवता आलं नाही. मल्लिकार्जुनरावांनीच नाही म्हणावं.

दशम्या, शेंगाची चटणी आणि तुझ्यासाठी खारोड्या आणते. भेटीपर्यंत जीव थोपवून धर.

तुझी,
कप्तान अक्का


होळेहट्टी
१९ मे

चि. शिवकुमार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप परतलो, तेव्हा आधी श्वास सोड. गड्ड्यांवर मोबाइल लागत नव्हता आणि फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. घरी पोचेपर्यंत हे माझ्या पोटात राहायचं नाही.

तुझ्या बाबांचे कॅन बोटीत चढलेच. मावशीनं डोळे वटारले, पण मल्लिकार्जुनराव थोरल्या साडूला नाही कसं म्हणणार? ते नुसते बोटीच्या काठाकडं बघत राहिले. काठ पाण्याला टेकायला आला होता. कॅन मधोमध एकावर एक रचले, वर वळकट्या ठेवल्या आणि त्याला टेकून बाबा राजासारखे बसले. मी पुढं टोकाला, माझं जॅकेट घालून.

काय सांगू तुला! पाणीच पाणी, आणि त्यातून एकेक गड्डी वर येते. वाळूवर टिटव्या पळतात आणि पाण्यावरचा वारा तोंडावर येतो. भूमच्या खाणीतली काहील आठवली आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. कुणालाच ऐकू गेलं नाही.

दुपारी पहिल्या मोठ्या गड्डीजवळ मला पाण्याखाली पिवळी वाळू दिसली. मी पंजा हलवला, मग मूठ वर केली. बोट तशीच पुढं. मी उठून दोन्ही हात वर केले, तोवर बोट वाळूत रुतली ती रुतलीच. मागं वळून बघते तर कॅनच्या भिंतीआड मल्लिकार्जुनराव दिसतच नव्हते. माझा हात त्यांना कसा दिसणार? त्यांनी इंजिन बंद केलं, सगळ्यांसमोर मला हात जोडले आणि म्हणाले की अक्का, तुमचं चुकलं न्हाय, हे पानी आडवं आलं.

बोट हलेना. ओझं कमी करायला हवं होतं, म्हणजे पाणी ओतायला हवं होतं. मावशीनं कॅनचं झाकण उघडलं तर बाबांनी तिचा हात धरला. एवढी नदी भोवती, तरी ह्यांना आपलं पाणी ओतवेना. मग हे एक कॅन खांद्यावर घेऊन उतरले, गुडघाभर पाण्यातून गड्डीवर गेले आणि तिथल्या एकुलत्या बाभळीच्या बुडाशी तो रिकामा केला. परत आले, दुसरा नेला. आळं करून घालत होते, घरच्या लिंबाला घालतात तसं. मी हसत होते आणि माझ्या डोळ्याला पाणी येत होतं. शेवटच्या कॅनच्या वेळी मीही एका बाजूनं कडी धरली.

बोट आपोआप तरंगली. रिकामे कॅन आडवे टाकले आणि मागचं मल्लिकार्जुनरावांचं तोंड मला स्वच्छ दिसायला लागलं.

तिथून पुढं संपूर्ण सफर माझ्या हातावर झाली. मी डावीकडं दाखवलं की बोट डावीकडं. मी हळू म्हटलं की हळू. प्यायला मावशीची कळशी पुरली आणि कुणाचंही पोट बिघडलं नाही. बाबा आता म्हणतात, पुढल्या उन्हाळ्यात बाभूळ केवढी झाली ते बघायला यावंच लागेल. मल्लिकार्जुनरावांनी पुढच्या फळीला कापडाची गादी ठोकून घेतली आहे, माझ्यासाठी.

मशीन डबीत ठेवलं होतं, भिजलं नाही. सगळे माझ्या हाताकडं बघत होते, आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत एकदाही कुणी मला ‘ऐकू आलं का?’ असं विचारलं नाही.

माया अशीच असू दे, आणि रविवारी घरी ये. मला खूप बोलायचं आहे.

तुझी,
आई