मलम पिणारा बोळा

४ मार्च
पुन्हा पाठ! कारखान्यातून येऊन बूट काढतो न काढतो तोच बाबा सदरा वर करून, भिंतीकडे तोंड करून बसलेले. खांद्यांखाली लालबुंद चट्टे, खाजवून खाजवून सोललेले. एका खोलीत दोन माणसं आणि एक खाज — दाटीच झाली.

ताई म्हणते, पाठ बरी झाली की बाबांना घेऊन जाते. तोवर नको, पोरांना लागण होईल. हे कुणाला लागत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. ताईला पटेल तर शपथ. थोडक्यात, मलम लागू पडलं की माझी सुटका.

५ मार्च
मलम स्टेरॉइडचं आहे. कारखान्यातले मिस्त्री म्हणाले, जपून रे बाबा, कातडी पातळ होते. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या, पातळ थर द्या. ते मला कुणी शिकवायला नको. हयात गेली लाकडाला पॉलिश मारण्यात. पॉलिशला करतो तसा मलमलीचा बोळा केला, त्यावर मलम घेतलं, हलकेच फिरवलं. कुठे डाग नाही, ओघळ नाही.

शिवाय माझे हात म्हणजे पॉलिश पेपर. ते पाठीला लावायचे कसे? खरं म्हणजे बाबांच्या पाठीला हात लावल्याचं मला आठवतच नाही. त्यांचा हात माझ्या पाठीला पुष्कळदा लागलाय — तो वेगळ्या कारणाने.

९ मार्च
फरक शून्य.

१४ मार्च
ट्यूब संपली, खाज तशीच. बाबा कंगव्याने खाजवतात. मी ओरडलो. ते म्हणाले, तुला असती म्हणजे कळलं असतं. कंगवा लपवला, तर त्यांना चमचा सापडला. दमलो मी. कधी एकदा ताईकडे जातात असं झालंय.

१६ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कसं लावता, दाखवा म्हणाल्या. मी खिशातून बोळा काढला. बाईंना हसू आवरेना. सगळं मलम बोळाच प्यायला होता! पाठीच्या वाट्याला नुसता वास.

बोटाने लावायचं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ, तेवढी दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदा. चट्टे गेले की मलम बंद, मग नुसतं साधं क्रीम.

परतताना बाबा म्हणाले, "मला काय टेबल समजलास?" मला वाटतं, ही थट्टा होती. खात्री नाही.

१७ मार्च
नवी ट्यूब आणली, बोटांनी लावलं. पाठ तापलेली. मणके हाताला लागतात. इतकी लहान कधी झाली ही पाठ? विचारलं, हात फार खरखरीत लागतोय का.
"असू दे. बरं वाटतं."

२१ मार्च
लाली उतरली. चमचा परत डब्यात गेला.

हल्ली मलम लावताना बाबा बोलतात. तोंड भिंतीकडे असलं की त्यांना जमतं बहुतेक. आज म्हणाले, तू लहान असताना तुला घामोळं यायचं, मी पाठीवर फुंकर घालत बसायचो. मला आठवत नाही. मार तेवढा आठवतो. वाईट वाटलं.

२५ मार्च
पाठ साफ. चट्ट्यांच्या जागी फिकट डाग, खाज अजिबात नाही. आजपासून साधं क्रीम. सुटलो एकदाचा! ताईला कळवायला हवं. उद्या कळवतो.

२७ मार्च
राहिलंच कळवायचं.

२८ मार्च
ताईचाच फोन. पाठ कशी आहे? म्हटलं, अजून लाली आहे गं. इतक्यात नको नेऊस. बाबा समोरच बसून ऐकत होते. फोन ठेवला तसा त्यांनी सदरा काढला आणि माझ्याकडे पाठ करून बसले.