झोपलेला नावाडी आणि अर्ध्यावरचा झेंडा

शनिवार, दुपार

प्रिय दोरीवाल्यास,

कुईं... कुईं... कुईं... ओळखलास का आवाज? आपल्या शाळेच्या झेंड्याची कप्पी! तू दोरी ओढायचास, मी शेजारी उभा राहून नदीची कविता म्हणायचो आणि चौथं कडवं संपताना झेंडा बरोबर टोकाला टेकायचा. साठ वर्षं झाली. कप्पीला तेल अजूनही कुणी घातलं नसेल. असो. नमस्कार आधी करायला हवा होता, तो आता करतो (तू चार महिन्यांनी मोठा, म्हणून वाकून, कंबर परवानगी देते तितकाच). तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? मुलाकडे पलीकडच्या देशात राहायला गेल्यापासून तू पत्राला उत्तर देत नाहीस, म्हणजे प्रकृती उत्तम असणार.

आमच्याकडे सध्या शेजारी राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा चालू आहेत. सहा देश, चौदा खेळ आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या खुर्च्या मैदानावर (आमच्याही गेल्या, घरात आता सगळे उभेच असतात). पदकं देताना झेंडे चढवायला अनुभवी माणूस हवा होता. मी शाळेचा अनुभव सांगितला. दोरी तू ओढायचास, एवढं सांगायचं राहून गेलं. सुवर्णपदकाची मधली दोरी माझ्याकडे आली. आता अडचण बघ. गीत आणि झेंडा एकदमच संपायला हवेत, आणि परक्या देशाचं गीत कुठे संपतं हे ते संपल्यावरच कळतं. मग मी आपली कविताच मापाला लावली. एका शेजाऱ्याला दोन कडवी, दुसऱ्याला अडीच, तुमच्या देशाला पुरती चार. एकही झेंडा चुकला नाही.

आणि बुधवारी तुमची ती गोळाफेकवाली मुलगी जिंकली. गीत सुरू झालं. पहिल्या कडव्यात नदी डोंगरातून निघाली. दुसऱ्यात नावाडी काठावर झोपला. आणि तिसरं... मित्रा, तिसरं आलंच नाही! (चौथं पाठ आहे, पण तिसऱ्यावाचून चौथ्यात शिरता येत नाही.) नावाडी घोरतोय, मी दोरी धरून उभा, झेंडा अर्ध्यावर. लोकांना वाटलं, कुणीतरी मोठा माणूस गेला. पुढच्या रांगेने टोप्या काढल्या. निवेदकाने दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. तुमचे पथकप्रमुख घरी फोन लावायला धावले आणि ती मुलगी पदक गळ्यात घालून रडायला लागली, "अहो, कोण गेलं ते तरी सांगा!" सगळ्यांत जास्त हळहळत मीच उभा होतो (मलाही वाटलं, कुणीतरी गेलंय).

आता माफी म्हणून उद्या, शेवटच्या दिवशी, तिचा झेंडा पुन्हा चढवायचा आहे. स्पर्धांचा सचिव भला माणूस. म्हणाला, "आजोबा, एक संधी देतो. अडकलात तर विजेची मोटर." सूनबाई म्हणते, "बाबा, कविता सोडा आणि सरळ आकडे मोजा की!" मोजून पाहिले. सत्तेचाळिसाला डुलकी लागली. खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून माझ्या हातून वर जाणारी ही एकच गोष्ट आहे रे. आणि त्या पोरीला मी रडवलंय.

तुझा,
कवितावाला

ता. क. गुडघ्यांची चौकशी मनापासून होती, पण पत्र त्यासाठी नव्हतं. तिसरं कडवं उलट टपाली पाठव.

ता. क. दुसरा. सूनबाई म्हणते, पत्र पोचायला आठ दिवस लागतात. फोन करा म्हणते. तुझा नंबर जुन्या वहीत होता, वही डुगडुगत्या खुर्चीच्या पायाला बांधली होती आणि खुर्ची मैदानावर आहे.

ता. क. तिसरा. दारावर थापा पडताहेत. खुर्च्या परत आल्या वाटतं. छे, कुणीतरी ओरडतंय, "टीव्हीवर तुझे ओठ थांबलेले दिसले रे, गाढवा! दोन दिवस बसमध्ये काढले, गुडघ्यांचा भुगा झाला! दार उघड! ऊठ नाविका, पाणी चढले, दोर सोड रे काठाचा..."

आलो, आलो! पत्र आता हातातच देतो. (बसायला खुर्ची मात्र नाही.)